बांगडा खवट होतो तेव्हा आत काय चालतं, आणि ते नारळी पुनवेपर्यंत लांबवायचं कसं

गेल्या वर्षी आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठी सुकवून ठेवायची, मासळी मी एकटीने केली. आई मे महिन्यात भावाकडे पनवेलला होती, आणि वीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला बांगडे सुकवणं कुणी शिकवायला नको, असा माझा समज होता. आषाढातल्या एका दुपारी, बाहेर पाऊस कोसळत असताना, पिशवी उघडली. बांगड्यांची पोटं नारिंगी-पिवळी, बोट लावलं तर चिकट. आणि वास मासळीचा नव्हेच. गणपतीआधी दारं-खिडक्या रंगवतात तेव्हा घरात जो कोंडतो, तो वास. वहिनीने एक बांगडा नाकाशी धरला आणि म्हणाली, "ह्यो बांगडो न्हय वन्सं, ह्यां वार्निश."

ती गमतीत बोलली, पण रसायनशास्त्राच्या हिशेबाने तंतोतंत बरोबर बोलली. ऑइल पेंटमधलं जवसाचं तेल 'सुकतं' म्हणजे त्यातलं पाणी उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, रेणू एकमेकांना जखडतात आणि कडक पापुद्रा तयार होतो. माझ्या बांगड्याच्या तेलानेही तेच केलं होतं. बावीस बांगडे गेले. नंतर आईला फोन केला तर तिने तीनच प्रश्न विचारले: कणा खरवडला होतास? दुपारी कुठे होते? कशात भरलेस? तिन्हींची उत्तरं चुकीची होती.

ज्यांच्याकडे घरची बेगमी होते, किंवा ज्यांचा बचत गट सुकी मासळी, काजूगर, खोबरेल विकतो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आईचे तीन प्रश्न आणि प्रयोगशाळेतल्या तीन चाचण्या मी आता शेजारी शेजारी ठेवून पाहते. दोघींचं म्हणणं एकच आहे.

जिवंत बांगडा खवट का होत नाही

हा प्रश्न एकदा डोक्यात बसला की पुढची सगळी कामं आपोआप कळतात.

बांगड्याच्या, तारलीच्या चरबीत ओमेगा-३ आम्लं भरपूर असतात. त्यातल्या ईपीएच्या साखळीत पाच दुहेरी बंध, डीएचएच्या साखळीत सहा. दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन फार सैल धरलेला असतो. कुणीतरी तो ओढून नेला की मागे अर्धवट राहिलेला रेणू उरतो. त्याला फ्री रॅडिकल म्हणतात. त्याला लगेच ऑक्सिजन चिकटतो, आणि ही नवी जोडी शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढते. आता शेजारी अर्धवट. तो त्याच्या शेजाऱ्याकडे हात घालतो. वणवा गवतातून पुढे सरकतो तसं हे सरकत जातं.

यात पहिल्यांदा जे तयार होतात ते हायड्रोपेरॉक्साइड. त्यांना वास नसतो, हीच खरी फसगत. ते पुढे फुटतात, त्यातून अल्डिहाइड निघतात आणि मग नाकाला कळतं. म्हणजे वास येतो तेव्हा आग लागून बरेच दिवस झालेले असतात. वास आल्यावर डबा उन्हात ठेवायची आपल्याकडे सवय आहे, आणि तेव्हा करण्यासारखी त्याहून वाईट गोष्ट नाही.

पण हाच बांगडा आयुष्यभर कोमट, ऑक्सिजन विरघळलेल्या पाण्यात पोहत होता. अंगात लोहाने भरलेलं रक्त होतं, चरबी हीच होती. तेव्हा तो खवट झाला नाही, कारण पेशीत पहारेकरी होते. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे एन्झाइम १९६९ साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवून दिलं. त्याच्या जोडीला कॅटालेज, ग्लुटाथायोन, ई जीवनसत्त्व. या पहाऱ्याला सतत शिधा लागतो, आणि तो चालू श्वसनातून मिळतो. मासा मेला की शिधा बंद. पहारेकरी काही तास तग धरतात, मग एकेक करून गळतात. त्यानंतर पहारा आपल्यालाच द्यायचा असतो.

कॅटालेज डोळ्यांनी पाहायचं असेल तर मासळी साफ करताना काळजाचा तुकडा बशीत काढून ठेवा. औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड निम्मं पाणी घालून त्यावर चार थेंब सोडा. फसफसून फेस येईल. तोच तुकडा उकळून, गार करून पुन्हा थेंब सोडा: काही नाही. मुलांना दाखवायला छान आहे. बशी नंतर फेकून द्यायची नाही, पण काळीज फेकून द्यायचं.

प्रथिनांचं काय होतं

खवटपणा म्हटलं की सगळे तेलाबद्दल बोलतात. पण बांगडा भिजवूनही चामड्यासारखा राहतो, शिजवल्यावर चोथा होतो, तो दोष प्रथिनांकडून आलेला असतो.

चरबीत पेटलेले रॅडिकल शेजारच्या स्नायूतल्या प्रथिनांवरही झडप घालतात. सिस्टीन या अमिनो आम्लाच्या टोकाला गंधक असतं. दोन प्रथिनांवरची अशी टोकं एकमेकांना चिकटतात आणि डायसल्फाइडची गाठ बसते. मेथिओनिनचं सल्फॉक्साइड होतं. जिवंत पेशीत हे परत मूळ रूपात आणणारं एन्झाइम असतं, वाळत घातलेल्या माशात त्याचा काही उपयोग राहत नाही. लायसिन, आर्जिनिन, प्रोलिन यांच्या बाजूच्या साखळ्यांवर कार्बोनिल गट तयार होतात. शिवाय चरबी फुटून निघालेलं मॅलॉनडायअल्डिहाइड लायसिनला जाऊन चिकटतं, आणि पोटाकडची पिवळी-तपकिरी छटा बऱ्याच अंशी याच संयोगाची असते. गाठी पडलेल्या प्रथिनांच्या जाळीत पाणी शिरत नाही, म्हणून मासा भिजत नाही. पौष्टिकपणाही उतरतो, कारण लायसिन अडकून पडतं.

डीएनएमधल्या ग्वानिनचंही ऑक्सिडेशन होतं, आणि जिवंत शरीरात ती मोठी गोष्ट आहे. आपल्या कढईपुरतं ते सोडून देऊ.

सगळ्यात मोठा गुन्हेगार मात्र ऑक्सिजन नव्हे, लोह. १८९४ साली फेंटन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की हायड्रोजन पेरॉक्साइड एकट्याने टार्टारिक आम्लावर फारसं काही करत नाही, पण चिमूटभर फेरस लोह घातलं की धडाक्याने ऑक्सिडेशन होतं. पेरॉक्साइड फोडून त्यातून नवे रॅडिकल सोडायचं काम लोह आणि तांबं करतात, आणि करून पुन्हा मोकळे होतात. म्हणून थोडंसं पुरतं. बांगड्यात लोह कुठे असतं? रक्तात, आणि कातडीखालच्या तांबड्या मांसात. आईचा पहिला प्रश्न कण्याबद्दल होता, तो यासाठी.

रक्त काढणं

मासळी घरी आली की आधी बर्फ. बांगडा, तारली, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं आणि उष्ण हवेत ठेवले तर जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते मीठाने, उन्हाने, तळण्यानेही जात नाही. अंगावर गांधी उठतात, डोकं भणभणतं. हा ऑक्सिडेशनचा विषय नाही, पण इथे चुकलात तर पुढची मेहनत फुकट.

बांगडा पाठीकडून चिरून पुस्तकासारखा उघडा. कल्ले पूर्ण काढा, नुसते कापू नका. आतडी, आणि पोटाच्या आतली काळी त्वचा. आता कण्याच्या खाली, पोटाच्या पोकळीच्या छताला लागून, काळपट लाल रेघ दिसेल. ते मूत्रपिंड, आणि त्यात साकळलेलं रक्त. बहुतेक जण इथे हात आखडता घेतात, मीही घेतला होता. जुन्या टूथब्रशने किंवा नारळाच्या काथ्याच्या चोथ्याने ही रेघ घासून काढा, मग बर्फाच्या थंड पाण्यात तीनदा खळबळवा. पहिलं पाणी गुलाबी, दुसरं फिकं, तिसरं जवळजवळ स्वच्छ यायला हवं. तिसरंही गुलाबी असेल तर चौथं. कोमट पाणी नको. विहिरीचं पाणी लालसर असेल, बादलीला गंज धरत असेल, तर ते इथे अजिबात नको. एका हाताने लोह काढून दुसऱ्या हाताने घालण्यात अर्थ नाही.

'कोकम चोळा, खवट होत नाही' असं सांगणारे भेटतील. आंबटपणाने जिवाणू रोखले जातात हे खरं. पण मांसात रक्त राहिलेलं असेल तर आंबट माध्यमात हिमोग्लोबिन उलट जास्त खोड्या करतं. दक्षिणेकडे, मंगळूर-मलबारच्या पट्ट्यात, बांगड्याच्या पोटात मलबारी चिंच भरून पिंपात खारवायची पद्धत होती. तो माल सिलोनला जाई, म्हणून तिला कोलंबो पद्धत म्हणत. मलबारी चिंच आपल्या रातांब्याच्याच कुळातली. पण त्या पद्धतीत मासा शेवटपर्यंत खाऱ्या पाण्याखाली बुडालेला असतो, हवा लागतच नाही. तेवढा भाग सोडून नुसतं कोकम उचललं तर ती कोलंबो पद्धत राहत नाही.

हळदीबद्दलही थोडं. कर्क्युमिन रॅडिकलना शांत करतं, त्यामुळे हळद चोळण्यात तोटा नाही. पण हळदीच्या पिवळ्यात खवटपणाचा पिवळा लपतो. विकत घेताना हळद लावलेला बांगडा मी घेत नाही.

मीठ

चार किलो साफ केलेल्या मासळीला एक किलो मीठ, थरावर थर, वर स्वच्छ पाट आणि त्यावर पाण्याने भरलेली बरणी. काही तासांत माशाचंच पाणी सुटतं आणि मासे त्यात बुडतात. बुडालेच पाहिजेत, वर तरंगणारा मासा हवेशी गप्पा मारतो. उघडलेल्या बांगड्याला एक दिवस-रात्र पुरते.

मीठ जिवाणू थांबवतं, ऑक्सिडेशन नाही. स्नायूमध्ये मीठ ऑक्सिडेशनला उलट थोडा हातभारच लावतं, आणि चिखलाची झाक असलेलं राखाडी मीठ लोहही घेऊन येतं. आगरावरून थेट मीठ आणत असाल तर ढिगाच्या वरच्या भागातलं पांढरं, टपोरं घ्या. तळाचं स्वस्त असतं, ते माडाला घाला.

मीठ लावलेल्या मासळीवर गुलाबी-लाल डाग येतात, त्यांना खवटपणा समजू नका. ते मिठात जगणारे जिवाणू आहेत आणि त्यांचं कारण ओल.

वाळवण, आणि दुपारचा प्रश्न

खाऱ्या पाण्यातून काढून भरभर एकदा धुवा, निथळा आणि मांडवावर घाला. मांडव कमरेएवढ्या उंचीचा, बांबूचा, वर नायलॉनचं जाळं. लोखंडी तार नको. मिठाच्या पाण्याने ती दोन दिवसांत गंजते आणि तो गंज थेंबाथेंबाने मासळीत उतरतो. बोंबलासाठी वलांड्या असतात तशी दोरी चालेल.

सकाळी सात ते अकरा ऊन, दुपारी सावली आणि वारा, चारनंतर पुन्हा ऊन. मी भर दुपारी स्लॅबवर पसरले होते, जिथे पाय ठेववत नव्हता. तापमान दहा अंशांनी वाढलं की या अभिक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्यात चरबी पातळ होऊन पृष्ठभागावर येते, म्हणजे हवेला ताट वाढून देणं. वरचा थर कडक होऊन आतलं पाणी कोंडतं ते वेगळंच. आणि प्रकाश: मांसातलं रायबोफ्लेविन व रक्तातली रंगद्रव्यं प्रकाश शोषून ऑक्सिजनला चेतवतात, तो चेतलेला ऑक्सिजन मग रॅडिकलची वाट न पाहता थेट दुहेरी बंधांवर जाऊन बसतो. बोंबील, जवळा यांत चरबी कमी, त्यांना भर उन्हाने फारसं बिघडत नाही. बांगडा-तारलीला तोच नियम लावला तर वार्निश होतं. संध्याकाळी मासळी आत घ्या. रात्रीचं दव म्हणजे दिवसाची अर्धी मेहनत परत.

थांबायचं कधी? एक ठरावीक बांगडा खुणेचा ठेवा, त्याच्या शेपटीला दोरा बांधा. रोज संध्याकाळी वजन करा. दोन संध्याकाळींच्या वजनात शेकडा दोनपेक्षा कमी फरक पडला की झालं. पाठीचा जाड भाग चिमटीत दाबला तर खळगा राहू नये आणि पाणी सुटू नये. कडकडीत करायचा हट्ट नको. चरबीच्या बाबतीत पाण्याचा अगदी पातळ थरही पहारा देतो. हाडासारखं कोरडं केलं तर ऑक्सिडेशनचा वेग पुन्हा वाढतो.

डबा

गार झाल्यावर लगेच भरा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढायला लागतं, आणि आपल्याकडे जून लागला की हवा त्या रेषेच्या वरच असते. म्हणून भरायचं काम पहिल्या पावसाच्या आधी, कोरड्या दुपारी, एका बैठकीत.

साध्या पातळ पॉलिथिनच्या पिशवीतून पाणी जात नाही, पण ऑक्सिजन जातो. हे बहुतेकांना माहीत नसतं. मी पारदर्शक पिशव्या घट्ट बांधून स्वयंपाकघराच्या खिडकीशी ठेवल्या होत्या, म्हणजे प्रकाशही दिला आणि ऑक्सिजनही. त्याऐवजी काचेची बरणी गळ्यापर्यंत भरून अंधाऱ्या कपाटात ठेवा, किंवा आतून चांदीसारखा थर असलेल्या पाकिटांत सील करा. एका पाकिटात एका जेवणापुरतंच. मोठा डबा रोज उघडला की रोज नवी हवा.

बचत गटांनी ऑक्सिजन शोषणाऱ्या छोट्या पुड्या वापरून पाहाव्यात. त्यांत लोखंडाची बारीक पूड असते. ती स्वतः गंजते आणि पाकिटातला ऑक्सिजन संपवते. जे लोह मांसात नको, तेच पुडीत हवं. पुडी उघडी पडली की तासाभरात वापरा, आणि पॉलिथिनच्या पिशवीत घालण्यात काही अर्थ नाही. फ्रीजरमध्येही ऑक्सिडेशन थांबत नाही, मंदावतं. तिथेही गुंडाळी घट्टच हवी.

खोबरेल आणि काजू: वेगळे आजार

खोबरेलात नव्वद टक्क्यांहून जास्त चरबी संपृक्त असते, निम्म्याच्या आसपास एकटं लॉरिक आम्ल. सैल हायड्रोजन जवळजवळ नाहीतच, म्हणून ऑक्सिडेशनला ते दाद देत नाही. ते बिघडतं पाण्याने. ओलसर खोबऱ्यातली एन्झाइम आणि बुरशी चरबी तोडून सुटी आम्लं मोकळी करतात, आणि साबणासारखा किंवा बोकडासारखा वास येतो. तेव्हा इलाजही वेगळा: घाण्याला द्यायच्या आधी वाटी मोडली तर कट्कन आवाज यायला हवा, बुरशीची काळी वाटी निवडून बाजूला, तेल चार दिवस निवळू देऊन कोरड्या कापडातून गाळायचं, बाटली धुऊन उन्हात कडक वाळवलेली. एका ओल्या चमच्याने महिनाभराचं तेल जातं.

काजूगर या दोघांच्या मधला. वरची लालसर साल ठेवा. तिच्यातली टॅनिनं रॅडिकल गिळतात. तुकडा आणि कणी आधी संपवा, अख्खे गर मागे. भाजून ठेवू नका, लागतील तसे भाजा.

आणि भांडी. ताक पितळेत राहिलं की कळकतं, हे आपल्याला माहीत आहे, तांबं उतरतं. तेच तांबं तेलात उतरलं तर लोहापेक्षाही जोरात ऑक्सिडेशन पेटवतं. कल्हईचा पातळ कथलाचा थर मधे उभा राहतो. कल्हईवाला वाडीत फिरकून कित्येक वर्षं झाली, तेव्हा तेल, तूप, लोणचं यांना काच, चिनीमाती किंवा स्टील.

तपासणी: नाकापासून सुरुवात

मोठ्या पेल्यात कढत पाणी घ्या, त्यात अक्रोडाएवढा तुकडा टाका, बशी झाकून दोन मिनिटं थांबा. बशी उचलून पहिला श्वास, तोच खरा; तिसऱ्या श्वासाला नाक सरावतं. समुद्राचा, मिठाचा वास चालेल. रंगाचा, जवसाचा, जुन्या पुठ्ठ्याचा नाही.

प्रथिनांसाठी स्वयंपाकघरातला काटा पुरतो. पाठीचा वीस ग्रॅम तुकडा एक तास साध्या पाण्यात भिजवा, टिपून पुन्हा वजन करा. मे महिन्यात भरताना हा आकडा लिहून ठेवा आणि दर महिन्याला त्याच घाण्यातल्या माशाचा काढा. मे मध्ये वीसचे तेहतीस झाले आणि ऑगस्टमध्ये चोवीसच, तर जाळी आवळली गेली. एका आकड्याला अर्थ नाही, घसरण पाहायची.

पेरॉक्साइड मूल्य

तेलात हायड्रोपेरॉक्साइड किती साठलेत, ते सांगणारा हा आकडा. जवळच्या कॉलेजात ओळख असेल तर हे दोन तासांचं काम आहे. सुकी मासळी कुटून गार द्रावकाने तेल काढा. १९५९ साली ब्लाय आणि डायर यांनी क्लोरोफॉर्म-मेथॅनॉलची जी पद्धत दिली ती यासाठी चांगली. सॉक्सलेट या गरम द्रावकाने तेल काढायच्या उपकरणात तासन्‌तास तापवू नका; जे मोजायचं तेच उष्णतेने फुटून जाईल.

स्टॉपरच्या शंकुपात्रात पाच ग्रॅम तेल अचूक तोला. तीन भाग ॲसेटिक आम्ल आणि दोन भाग क्लोरोफॉर्मचं मिश्रण तीस मिली, हलवून विरघळवा. ताजं, संपृक्त पोटॅशियम आयोडाइड अर्धा मिली. बरोबर एक मिनिट, मधून मधून हलवत. लगेच तीस मिली पाणी. हायड्रोपेरॉक्साइडने आयोडाइडमधून आयोडीन मोकळं केलं असेल, तेच पिवळं दिसतं. ०.०१ नॉर्मल थायोसल्फेट ब्युरेटमधून सोडत जा. पिवळा फिकट झाला की स्टार्च घाला, निळं होईल, निळं जाईपर्यंत थेंब थेंब. शेवटी जोरात हलवा, खालच्या क्लोरोफॉर्ममध्ये आयोडीन दडून बसतं. माझे विद्यार्थी नेमके इथे चुकतात. वरचा थर रंगहीन झाला की हुश्श करून वाचन घेतात, आणि पात्र ठेवून वहीत लिहीपर्यंत ते पुन्हा निळं.

तेलाशिवाय एक कोरा प्रयोगही करा. हिशेब: नमुन्याचं वाचन वजा कोऱ्याचं, गुणिले नॉर्मॅलिटी, गुणिले हजार, भागिले तेलाचं वजन. नमुन्याला ६.६ मिली, कोऱ्याला ०.१, तर ६.५ × ०.०१ × १००० ÷ ५ = १३ मिलीसममूल्य दर किलोला. तुलनेसाठी कोडेक्सचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांचे, आकडे: शुद्धीकृत वनस्पती तेलाला १० पर्यंत, घाण्याच्या तेलाला १५ पर्यंत, मासळीच्या तेलाला ५.

पण हा आकडा चढतो आणि मग उतरतो. पेरॉक्साइड फुटण्याचा वेग ते तयार होण्याच्या वेगाला मागे टाकतो तेव्हा मूल्य कमी दिसतं, आणि मासा मात्र पार गेलेला असतो. माझ्या आषाढातल्या बांगड्याचं मूल्य आलं ४. कागदावर पास. म्हणून सोबत थायोबार्बिट्युरिक आम्लाची चाचणी हवी. मॅलॉनडायअल्डिहाइडबरोबर त्याचा गुलाबी रंग येतो, तो ५३२ नॅनोमीटरला मोजतात. त्यात माझा नमुना इतका गडद आला की दहापट पातळ करून वाचावा लागला.

क्लोरोफॉर्म धुरांड्याच्या कपाटातच हाताळा. उरलेलं वेगळ्या बाटलीत, बेसिनमध्ये नाही. खोबरेलाला ही चाचणी बहुतेक निरुपयोगी. त्याचं सुटं आम्ल मोजा. गरम उदासीन अल्कोहोलात तेल, फिनॉल्फ्थॅलिन, मग सोडियम हायड्रॉक्साइड. वापरलेले मिली × नॉर्मॅलिटी × २० ÷ वजन म्हणजे लॉरिकच्या हिशेबात टक्के.

प्रथिनांवरचे कार्बोनिल

हे एमएस्सीच्या मुलांसाठी, ज्यांना प्रकल्पाला विषय हवा असतो. मांस फॉस्फेट बफरमध्ये वाटा, आणि बफरमध्ये ईडीटीए असू द्या. ते लोहाला धरून ठेवतं, नाहीतर वाटतानाच नवं ऑक्सिडेशन होतं आणि तुम्ही तेच मोजता. गाळ काढून द्रवाचे दोन सारखे भाग. एकात दोन मोलर हायड्रोक्लोरिक आम्लातलं १० मिलीमोलर डायनायट्रोफिनाइलहायड्रॅझिन, दुसऱ्यात नुसतं आम्ल. एक तास अंधारात, दर पंधरा मिनिटांनी हलवून. ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने प्रथिनं खाली बसवा, मग इथेनॉल आणि इथाइल ॲसिटेटच्या समान मिश्रणाने तीनदा धुवा. हे धुणं कंटाळवाणं आहे आणि सगळा निकाल त्यावर आहे, कारण न चिकटलेलं पिवळं अभिकर्मक उरलं तर प्रत्येक मासा खराब दिसतो. सहा मोलर ग्वानिडिनमध्ये विरघळवून ३७० नॅनोमीटरला वाचा.

दोन भागांच्या वाचनातला फरक × ४५.४५ म्हणजे दर मिलीला किती नॅनोमोल कार्बोनिल, कारण मोलर शोषणांक २२,००० धरतात. फरक ०.०८८ आला तर ४. प्रथिन दर मिलीला दोन मिलिग्रॅम असेल तर मिलिग्रॅममागे २. प्रथिनाचं माप नुसतं आम्ल घातलेल्या भागातून काढा. आणि सूचना: हा हायड्रॅझिन पूर्ण कोरडा झाला तर स्फोटक असतो, म्हणून तो पाण्याने ओलसर करूनच विकतात. बाटलीतली भुकटी सुकलेली दिसली तर स्वतः हात लावू नका, सांगा.

यंदा आई घरी होती. मी कणे घासले, तिने पाहिलं. त्याच दिवशी आणलेल्या बांगड्यांतले अर्धे तीन पाण्यांनी धुऊन, अर्धे नुसते खळबळवून, बाकी सगळं सारखं ठेवून भरले. श्रावणात दोन्ही बरण्या उघडल्या. चाचण्या नंतर केल्या, कारण आईने झाकण काढताच दुसरी बरणी बाजूला सारली: "ह्येचा पॉट बघ." पोटाच्या कडेला पिवळी रेघ होती, दोऱ्याएवढी. पेरॉक्साइड धुतलेल्यात ६, न धुतलेल्यात १९.

मागच्या वर्षीचे बावीस मी तळून पाहिले नाहीत. तळल्याने, मसाल्याने वास दबतो, अल्डिहाइड आणि गाठी पडलेली प्रथिनं तशीच राहतात. माडाच्या आळ्यात पुरले. रात्री कुत्र्यांनी उकरले, हुंगले, आणि सगळेच्या सगळे तिथेच टाकून गेली.